नानांची पिवळी रेघ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वर्कशॉपात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाईकालाही चहा येईपर्यंत कळतं. नानांचं तसं नाही. नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. मी बोलतो, भाव करतो, भांडतो. नाना काम करतात. जळगावात आमचं लेथ आणि गिअरबॉक्सचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, जिनिंगची यंत्रं, उसाचे चरक, जे जे फिरतं आणि मोडतं ते आमच्याकडे येतं. वडिलांनी धंदा सुरू केला, नानांनी नाव कमावलं आणि मी त्या नावावर आवाज चढवला, असं वहिनी म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

नानांची एक पद्धत आहे. गिअरची पेटी बंद करून प्रत्येक नट आवळला की ते बारीक ब्रशने त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी पेटीच्या अंगावर. नट कणभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही युक्ती बऱ्याच ठिकाणी वापरतात. आमच्याकडे मात्र ती नानांची सही आहे. रेघ मारली म्हणजे काम संपलं. मग त्या पेटीला कोणी बोट लावायचं नाही, मीसुद्धा नाही.

गेल्या काही वर्षांत नानांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काळजीचं कारण नाही. पण चहाची बशी वाजायला लागली आणि रेघेतही बारीक लाट यायला लागली, शेवटी उजवीकडे एक छोटंसं शेपूट. पान्हा हातात घेतला की तो हात बऱ्यापैकी शांत होतो, हे मला दिसत होतं. पण मी रेघच बघत बसलो.

धुळ्याच्या एका हॉटेलवाल्या शेठनी एका धरणाच्या पाण्यावर बोटिंग सुरू केलंय. तिथली त्यांची लाडकी बोट म्हणजे जुनी पण जोरदार, रेसच्या जातीची. तिचं इंजिन पोटात असतं. त्याचा जोर मागच्या फळीतून बाहेर येतो, वळून खाली पाण्यात उतरतो आणि पुन्हा एकदा वळून पंख्याला मिळतो. ही दोन वळणं ज्या पेटीत होतात ती बोटीच्या मागे लोंबकळत असते. आमच्याकडे तिचं नाव पहिल्याच दिवशी ‘शेपटी’ पडलं. शेठना वेगाची हौस. त्यांनी जुनं इंजिन काढून त्याहून किती तरी दांडगं इंजिन बसवलं, आणि शेपटीतल्या वरच्या गिअरचे दात शेंगदाण्यासारखे फुटले. नवीन मोठी शेपटी परदेशातून मागवायची तर बोटिंगचा हंगाम निघून जायचा. कोणीतरी त्यांना आमचं नाव सांगितलं.

नाना आधी नको म्हणाले. पाण्यावरचं काम, आत माणसं बसणार, आपल्याला सवय नाही, असं त्यांचं म्हणणं. मीच पुढे होऊन हो म्हणालो. ट्रॅक्टरचे गिअर करणाऱ्याला बोटीचे गिअर काय अवघड, असंही वर म्हणालो. एकदा हातात घेतल्यावर मात्र नाना त्या शेपटीत रमले. पेटीचं माप वाढवता येत नाही, ती ॲल्युमिनियमची ओतीव. तेव्हा आहे त्याच जागेत ताकद भरायची. आम्ही ट्रॅक्टरच्या गिअरला लागतं त्या चिवट पोलादाचे गिअर कापले, दाताच्या मुळाशी जास्त गोलाई ठेवली म्हणजे तडा तिथून सुरू होणार नाही, आणि वरून कडक, आतून चिवट असं पाणी देऊन घेतलं. उभा दांडा आणि पंख्याचा दांडा नवे केले. बेअरिंगं मोठी घातली. वरचं पातळ झाकण काढून जाड पोलादी झाकण बसवलं, कारण जोर आला की जुनं झाकण उचकत होतं आणि गिअर एकमेकांपासून सरकत होते. दातांना निळा रंग लावून, फिरवून, ठसा दाताच्या बरोबर मधोमध येईपर्यंत नाना कागदासारख्या पातळ चकत्या काढत-घालत बसायचे. शेवटी पेटी बंद झाली. नानांनी तिच्यात हवा भरून ती पाण्याच्या टाकीत बुडवली, बुडबुडा आला नाही, आणि त्यांनी रेघा मारल्या. शनिवार होता.

रविवारी चाळीसगावला भाचीचा साखरपुडा. नाना-वहिनी सकाळच्या गाडीने गेले. मी शेठ येणार आहेत असं सांगून मागे राहिलो. शेठ सोमवारी येणार होते.

का उघडली मी ती पेटी? स्वतःला मी तेव्हा सांगितलं की माणसं बसणार आहेत, खात्री करून घेणं आपलं कर्तव्य. पण खरं कारण तेवढं सरळ नव्हतं. शुक्रवारी नानांच्या हातून एक चकती पडली होती आणि ती शोधायला ते गुडघ्यांवर बसले होते. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली की माझा विश्वास उडतो. कुलूप उघडून मी एकटाच आत गेलो, पत्रा तापला होता, आणि नानांच्या पिवळ्या रेघा एकेक करत तोडल्या.

आत सगळं चोख होतं. ठसा दाताच्या मधोमध. बेअरिंगला जितका ताण हवा तितकाच, बोटाने फिरवलं तर लोण्यात फिरावं तसं. मला एवढं हायसं वाटलं की तिथेच थांबायला हवं होतं. पण उघडलंच आहे तर खालचंही बघून घेऊ, अशी बुद्धी झाली. पंख्याचा दांडाही ओढून काढला. तेही बरोबर. मग लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की मी घाई करतो. भराभर सगळं परत बसवलं.

आता ही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंख्याच्या दांड्यावर खाचा असतात, आणि आमचा दांडा नवा, खाचांच्या कडा पात्यासारख्या. तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबरी सील त्या खाचांवरून सरकवावं लागतं. नाना अशा वेळी खाचांवर पातळ प्लास्टिक गुंडाळतात. सावद्याच्या आमच्या पाहुण्यांकडून ते केळीच्या घडाला घालायच्या पिशव्या आणतात. त्यांचं प्लास्टिक तलम असतं, सील अलगद सरकतं. ड्रॉवरमध्ये त्याचा गठ्ठा आहे. मी सील तसंच सरकवलं. हाताला काही जाणवलं नाही. हवा भरून टाकीत बुडवायचंही मी केलं नाही, कारण नानांनी शनिवारी केलंच होतं ना. शहाणा माणूस!

मग रेघा. पहिली मारली ती सरळ आली. बघताक्षणी कळलं, ही चोरी ओरडून सांगेल. थिनरने पुसली. ब्रश सैल धरला, मनगट हलवलं, मधे लाट आणली, शेवटी उजवीकडे शेपूट काढलं. तिसऱ्या-चौथ्या नटापर्यंत तर नानांनाही ओळखू येणार नाही अशी जमली. आणि सांगायला जीभ अडखळते, पण मला त्याचं कौतुक वाटलं. थोरल्या भावाच्या थरथरत्या हाताची नक्कल करून मी मान वाकडी करून बघत होतो.

सोमवारी नानांनी पेटीवरून हात फिरवला आणि ती शेठच्या गाडीत चढवायला सांगितली. धरणावर बोट सुटली तेव्हा तिने पाण्यातून नाक असं वर काढलं की काठावरची पोरं ओरडली. शेठनी नानांच्या पायाला हात लावला. नाना मला हळूच म्हणाले की हे माझं शेवटचं अवघड काम असतं तरी चाललं असतं. मी दुसरीकडे बघितलं.

दिवाळीनंतर शेठ पिकअपमध्ये शेपटी टाकून घेऊन आले. धरणाच्या मध्यावर पर्यटक कुटुंब बसलेलं असताना पंखा जाम झाला होता. मासेमारीच्या नावेने दोर लावून बोट ओढून आणली. कोणाला काही झालं नाही, पण त्यातली एक लहान मुलगी फार घाबरली होती, असं शेठ म्हणाले. नानांनी खालचा स्क्रू सोडला तर तेलाच्या जागी दुधाच्या चहासारखं काहीतरी आलं. आत पाणी गेलेलं. बेअरिंगं गंजून बसली होती. नानांनी सील काढून उजेडात धरलं. त्याच्या रबरी ओठावर खाचेने कापल्याची बारीक रेष होती.

नाना धंद्याचं मराठीत बोलतात. आतून काही आलं की अहिराणीत. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “प्लास्टिक लावानं राही गयं.”

लावायचं राहून गेलं. शेठनी ते ऐकलं. चांगला माणूस, पण चिडलेला. आमच्या सगळ्या कामगारांसमोर ते मला म्हणाले की नानांना आता आराम द्या. आणि मी, जो चहात साखर कमी पडली तरी वर्कशॉप डोक्यावर घेतो, तो गप्प बसलो. नानांनी चष्मा पुसला, आपले पान्हे फडक्यात बांधले आणि घरी गेले.

मी फार वेळ थांबलो नाही. संध्याकाळी दिवेलागणीला पिंप्राळ्याला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. रविवार, पेटी, सील, सगळं. वाटलं होतं रागावतील, कदाचित हात उचलतील. नाना हसले. माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, लहानपणीही काचा मी फोडायचो आणि मार तू खायचास, तुझी सवय गेली नाही.

मी शपथ घेतली. ते म्हणाले, खरं असतं तर शेठसमोर बोलला असतास. तुझ्यासारखा तापट माणूस असा गप्प बसतो होय? मी म्हटलं, शनिवारी तुम्ही टाकीत बुडवून बघितलंत, बुडबुडा नव्हता, म्हणजे सील तेव्हा धड होतं. त्यावर ते म्हणाले की मग डोळेही गेले म्हणायचे, बुडबुडा दिसला नसेल. शेवटी मी त्या रेघा मी मारल्या म्हणून सांगितलं. पेटीचं ते पोलादी झाकण नानांनी येताना तपासायला म्हणून घरी आणलं होतं. त्यांनी ते उचललं, दिव्याखाली धरलं.

“हाई रेघ मनीच शे,” ते म्हणाले. “दुसरा कोना हात असा थरथरस?” ही रेघ माझीच, दुसऱ्या कोणाचा हात असा थरथरतो.

मी खरं बोलत होतो आणि माझ्याच कारागिरीने मला खोटं पाडलं होतं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी शेठना फोन करून सांगितलं, तर ते गहिवरले. भाऊ असावा तर असा, म्हणाले, आणि त्यांच्या धुळ्याच्या दोन मित्रांनाही त्यांनी ही गोष्ट सांगितली. त्यांतल्या एकाने आपलं काम आमच्याकडे पाठवलं. मला ते काम घ्यावं लागलं. जेवण गोड लागेना.

नाना यायचे थांबले. आधी वाटलं, चार दिवस बसतील आणि येतील. पण वहिनींनी एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की कप दोन्ही हातांनी धरतात, तोही अर्धाच भरायला लावतात. स्कूटरची किल्ली मुलाला देऊन टाकली. दाढीला सलूनमध्ये जातात. नातीला उचलत नाहीत, म्हणतात पडेल माझ्या हातून. हात पूर्वी होता तेवढाच हलत होता, वहिनी बघत होत्या ना रोज. पण आता नानांना तो हात आपला वाटत नव्हता. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही त्यांना समजावा, तुमचं ऐकतात.” माझं ऐकतात! मी ओट्यावरचं पाणी न पिता निघालो.

पुरावा माझ्याकडे एकच उरला होता, आणि तो असा होता की त्याचा विचार केला तरी कानशिलं तापायची. त्यांच्यासमोर ब्रश घेऊन रेघ मारून दाखवायची. म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांच्या हाताची नक्कल करायची. हे असं पाप की ते केल्याशिवाय पहिलं पाप फिटत नाही. आठ-पंधरा दिवस मी ते टाळलं. टाळत असताना नाना घरात बसून होते, हेही रोज कळत होतं. मग नातीच्या वाढदिवसाला ती नानांकडे हात पसरून आली आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. तेव्हा माझं टाळणं संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रश, पिवळा डबा आणि नट लावलेली एक जुनी पट्टी घेऊन गेलो. नाना दाराबाहेरच्या ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो, पट्टी मांडीवर घेतली आणि म्हटलं, फक्त बघा. ब्रश सैल धरला. मनगट हलवलं. मधे लाट, शेवटी उजवीकडे शेपूट. एक नट, दुसरा नट, तिसरा. वहिनी पाण्याचा ग्लास घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मी मान वर केली नाही.

मग नाना म्हणाले, “इतलं ध्यान दीसन देखी राहिंता का रे तू मना हात?”

एवढं लक्ष देऊन बघत होतास का रे तू माझा हात. यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी माझ्या मांडीवरून उचलली, लांब धरून, जवळ धरून बघितली.

“मझार काय सापडनं तुले?” त्यांनी विचारलं. आत काय सापडलं.

“काहीच नही, नाना. बठ्ठं बरोबर व्हतं.” सगळं बरोबर होतं.

त्यांनी मान हलवली. पट्टी ओट्यावर ठेवली, उठले आणि आत गेले. मी रडलो. वहिनींनी ग्लास माझ्यापुढे ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

सकाळी मी वर्कशॉप उघडायला गेलो तर नाना शटरपाशी उभे होते, फडक्यात बांधलेले पान्हे काखेत. स्कूटर बाजूला लावलेली. आम्ही शेठची शेपटी पुन्हा बांधली, बेअरिंगं नवी, सील नवं, खाचांवर केळीच्या पिशवीचं प्लास्टिक. टाकीत बुडवताना त्यांनी मला बोलावलं नाही आणि स्वतःच खाली वाकून, बुडबुडा नाही याची खात्री होईपर्यंत बघितलं. ती बोट आता धावते आहे, जोरात. शेठ फोन करून वेग सांगत असतात. नातीलाही नाना आता उचलतात.

नाना माझ्याशी धड बोलतात. जेवायला बोलावतात, भरताला वांगी आणली की अर्धी माझ्या घरी पाठवतात. माफ केलं असेलच. फक्त एक झालंय. पेटी बंद होते, शेवटचा नट आवळला जातो, नाना ब्रश हातात घेतात आणि मग नुसते उभे राहतात. मी आसपास असेपर्यंत ब्रश डब्यात बुडत नाही. पहिल्यांदा मला कळलंच नाही, मी वेड्यासारखा बघत उभा राहिलो. तेव्हा त्यांनी ब्रश परत ठेवला आणि उगाच दुसरंच काहीतरी पुसत बसले.

आता मी समजून असतो. त्यांनी ब्रश उचलला की मी सगळ्यांना चहा सांगून येतो म्हणून रस्त्यापलीकडच्या टपरीवर जातो आणि वर्कशॉपकडे पाठ करून उभा राहतो. टपरीवाला विचारतो, आत्ताच तर नेला ना चहा. मी म्हणतो, अजून दे.